ईराला एकटीनं युरोपात पाठवायचंय? मग आधी तिला परवानगी कोण देतं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही किशोर-कुमार वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिताय. नायिका ईरा, वय १७, नाशिकची. बारावीची परीक्षा संपल्यावर ती ‘स्वतःला शोधायला’ एकटीच युरोपात जाते आणि ४० दिवसांत लिस्बनपासून अथेन्सपर्यंत ११ शहरं फिरते. खर्डा वाचलेल्यांपैकी एकानं सांगितलं की हे प्रवासवर्णन झालंय. दुसरीनं विचारलं, आईवडील पाठवतीलच कसे? तुम्ही युरोप एकदाच पाहिलाय, तोही ग्रुप टूरबरोबर. त्यामुळे तुम्हाला वाटतंय की तपशील कमी पडतायत, शहरांबद्दल आणखी वाचून वर्णनं भरली की काम होईल. आणि शेवटी विचारलंय की ईरा घरी परतलेली दाखवावी का.

मी या वयाच्या वाचकांची पुस्तकं संपादित करते. त्याआधी काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये राहिले, त्यामुळे तिकडची मराठी घरं आणि तिथली वाढत्या वयाची मुलं जवळून बघितली आहेत. दोन्हीच्या आधारावर सांगते: अडचण तपशिलांची नाही. तुमच्या दुसऱ्या वाचकबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कादंबरीतच शोधलंत, तर पहिल्या वाचकाची तक्रारही बरीचशी आपोआप मिटेल.

असं का म्हणते? या वयाच्या वाचकाला आयफेल टॉवर वाचायचा नसतो, तो त्याला फोनवर रोज दिसतो. आपल्या वयाची मुलगी, विचारायला जवळ कुणी नसताना, एखादी गोष्ट कशी ठरवते आणि चुकली तर कशी निस्तरते, हे त्याला वाचायचं असतं. म्हणजे अशा कादंबरीत प्रवास हा मोठ्यांच्या नजरेआड जाण्याचा मार्ग आहे. मग ती नजर कुणाची, तिनं काय अटी घातल्या, आणि कुठल्या स्टेशनावर त्या अटी मोडल्या, हेच कथानक. तुमच्या खर्ड्याच्या सारांशात आईवडील ‘हो-नाही करता करता तयार होतात’ एवढंच आहे. एका वाक्यात मिळालेल्या परवानगीवर चाळीस दिवसांची कादंबरी उभी राहत नाही.

आता ही परवानगी कशी मिळवायची, हे तुम्हाला कुठलं घर आतून माहीत आहे यावर अवलंबून आहे. मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट तुम्ही घेतलेलीच, थेट नाशिकहून. हिच्यात कागदपत्रं आहेत आणि ती टाळू नका. १८ च्या आतल्या मुलीच्या शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्जावर पालकांची सही लागते, दोघांची संमती लागते, जन्मदाखला लागतो. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, राहण्याची बुकिंग, खर्च कोण करणार त्याचे बँकेचे कागद, हे सगळं फाइलला लावावं लागतं. त्यामुळे ईरा गुपचूप निघून गेली, असं तुम्हाला दाखवता येणार नाही. पण हीच गोष्ट वापरताही येते. ज्या बापानं कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नाही, तो मुलीच्या संमतीपत्रावर सही करायला बसलाय, पेन हातात आहे आणि ‘सीईटीचं काय?’ हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मराठी वाचक हे घर ओळखतो. बारावीची लेखी परीक्षा संपली तरी एप्रिल-मे प्रवेश परीक्षांत जातो, हे तर त्याला पाठच असतं. तुमच्या खर्ड्यात त्याचा उल्लेखही नसेल, तर वाचक तिथेच थांबतो. सीईटी बुडवून ती गेली असेल तर ती फार मोठी घटना आहे, तिला स्वतंत्र प्रकरण द्या.

याच वाटेवरची आणखी एक अडचण: तुमची ईरा मध्येच लंडनला जाऊन परत पॅरिसला येते. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर तिथला वेगळा व्हिसा लागतो, आणि शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही. ग्रुप टूरमध्ये हे सगळं कंपनी बघते, म्हणून आपल्याला दिसत नाही. कादंबरीत मात्र लंडन एकतर काढा, नाहीतर त्या व्हिसाचीच गोष्ट करा.

दुसरी वाट रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजची. महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांतली मुलंही यातून वर्षभरासाठी परदेशी शाळेत जातात, तिथल्या कुटुंबांत राहतात. वय साधारण १५ ते १९. या मुलांना चार गोष्टींची सक्त मनाई असते: गाडी चालवणं, दारू, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरण. एकट्यानं फिरायला जायचं तर यजमान कुटुंबाची आणि क्लबची परवानगी लागते, आणि नियम मोडला तर घरी परत पाठवतात. इथे परवानगी देणारे दोन आईबाप आहेत, एक नाशिकचे आणि एक तिकडचे, आणि ईराला दोघांच्या भाषेत उत्तरं द्यावी लागणार आहेत. तुमच्या ओळखीत असं जाऊन आलेलं कुणी असेल, तर ही वाट फार चांगली.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त भावते. ईराचं कुटुंब नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेलं आहे असं समजा. आइंडहोव्हन किंवा ॲम्स्टेलव्हेनमध्ये अशी मराठी घरं सहज सापडतात. तिकडे शाळेची शेवटची परीक्षा मे महिन्यात होते, निकाल जूनमध्ये लागतो, आणि पास झालेल्या मुलाच्या घराबाहेर झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. गल्लीत चालताना कुणाचं मूल सुटलं ते कळतं. त्यानंतर सतरा-अठराची डच मुलं मैत्रिणी-मित्रांबरोबर स्पेनच्या नाहीतर ग्रीसच्या किनाऱ्यावर सुट्टीला जातात, आणि त्यांच्या घरात त्यावर फार चर्चा होत नाही. त्याच गल्लीतल्या मराठी घरात मात्र त्यावर आठवडाभर जेवणं मूकपणे उरकली जातात. आई म्हणते, ‘त्यांच्यात चालतं.’ मुलगी म्हणते, ‘आपण कोण मग?’ हा वाद मी एकाहून जास्त घरांत ऐकला आहे आणि त्यात दोन्ही बाजूंचं दुखणं खरं असतं. आईला मुलीवर अविश्वास नसतो. ती स्वतः सतराव्या वर्षी नाशिकहून पुण्याला एकटी गेली नव्हती, आणि काय काय होऊ शकतं याची यादी तिच्याकडे आहे, पण काय काय निभावता येतं याची नाही.

या वाटेचा आणखी एक फायदा म्हणजे प्रवास शक्य वाटतो. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल पास असतो, एकाच पासावर अनेक देशांतल्या गाड्यांनी फिरता येतं. तो १९७२ साली सुरू झाला तेव्हा २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच होता, म्हणजे तरुणानं एकट्यानं रेल्वेनं युरोप बघणं ही तिकडे दोन पिढ्यांची रीत आहे. ईराच्या मैत्रिणीच्या आईनंही ते केलेलं असणार. (नाशिकहून जाणारी ईरा असेल तर तिला इंटररेल मिळणार नाही. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आहे.) इंटररेलवर स्वतःच्या देशात फक्त बाहेर पडतानाचा आणि परत येतानाचा, असे दोनच प्रवास करता येतात. हा नियम एखादी हुशार मुलगी कुठल्या तरी अडचणीत वापरू शकते, लक्षात ठेवा.

यापैकी काहीही निवडा, पण एक सुचवते: ईराचा अठरावा वाढदिवस प्रवासाच्या मध्यावर येऊ द्या. युरोपात अल्पवयीन मुलीला एकटीला खोली देण्याचे नियम एकसारखे नाहीत. कुठे पालकांचं पत्र मागतात, कुठे १६ चालतं, आणि बरीच खाजगी हॉस्टेलं १८ च्या खालच्यांना सामायिक खोलीत घेतच नाहीत. खरं तर ही निवासं जन्माला आली शाळकरी मुलांसाठीच. जर्मनीत रिशार्ड शिरमान नावाच्या शिक्षकानं १९१२ च्या सुमारास आल्टेनाच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची पहिली कायमची सोय केली, तिथून ही चळवळ जगभर पसरली. तर वाढदिवसाआधी ईरा काउंटरवर उभी आहे, समोरची मुलगी पासपोर्ट बघते, तारीख बघते आणि मान हलवते. रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर अजून उजेड आहे. वाढदिवसानंतर तसाच काउंटर, तोच पासपोर्ट, आणि खोलीची किल्ली मिळते. ईरा तीच आहे, पण आता तिला कुणाला विचारावं लागत नाही. सतरा ते अठरा या वयाची गोष्ट एवढ्या साधेपणानं सांगायची संधी दुसऱ्या कुठल्या कथानकात मिळणार नाही.

उजेडाचं मुद्दाम लिहिलं. तुमच्या पॅरिसच्या प्रसंगात जूनमध्ये संध्याकाळी सातला अंधार पडतो असं दिसतं. जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य मावळायलाच जवळजवळ दहा वाजतात. ‘दिवेलागणीच्या आत घरी’ हा नियम घेऊन निघालेल्या मुलीला तिथे रोज रात्री दहापर्यंतची मुभा आहे, आणि ती आईला तसं सांगूही शकते!

आता फोन. या वयाच्या प्रवासकथांच्या खर्ड्यांत मला सर्रास दिसतं की तिसऱ्या प्रकरणात फोन चोरीला जातो किंवा पाण्यात पडतो. लेखकाला नायिका एकटी हवी असते आणि फोन त्याच्या आड येतो. तुमच्याकडे तो प्राग स्टेशनवर चोरीला गेलाय. कृपया फोन चालू ठेवा. युरोपियन युनियनमध्ये २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न लागता चालतं. आईकडे ईराचं लाइव्ह लोकेशन आहे, बाबांच्या निळ्या खुणा पडतायत, आजीचा नाशिकहून व्हिडिओ कॉल येतोय. एवढं सगळं चालू असताना मुलगी एकटी कशी होते? ती पहिलं खोटं बोलते तेव्हा.

आईचे रोजचे तीन प्रश्न घ्या: पोचलीस का, जेवलीस का, खोलीत अजून कोण आहे. पहिल्या दोघांना ती खरं उत्तर देते. तिसऱ्याला एके रात्री देत नाही. दुसऱ्या दिवशी लोकेशन बंद करून ‘बॅटरी वाचवतेय’ असं सांगते. आता तिचं काही बरंवाईट झालं तर ती कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही, आणि हे तिनं स्वतः घडवून आणलंय. चोर लागत नाही. वाचकही तिच्याबरोबर गुन्हेगार होतो, कारण तोही हे रोज करतो.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगते. परवानगी कुणाची ते ठरवा, तिच्या अटी लिहून काढा, आणि त्या कुठे, कशा क्रमानं मोडतात त्यावरून प्रवासाचा मार्ग आखा. मार्ग शहरांच्या प्रसिद्धीवरून आखू नका.

मार्ग आखायचा तर जायचं कारण लागतं. ‘स्वतःला शोधायला’ हे कारण चालणार नाही, कारण त्याला पत्ता नसतो. ज्याच्याकडे जायचंय असं एक माणूस द्या, आणि त्या माणसाला ती यायला हवीच आहे असं नको. वर्गातली जिवलग मैत्रीण वडिलांची नोकरी सुटल्यावर सिसिलीत, कातानियाला, आजोळी परत गेली आणि तिनं उत्तरं द्यायचं थांबवलं, असं काही. हे फक्त उदाहरण आहे, तुमचं तुम्ही शोधा. पण बघा, एवढं ठरल्यावर ११ शहरांची गरजच उरत नाही. आइंडहोव्हनहून कोलोन, ऱ्हाईनच्या काठानं बासेल, आल्प्स ओलांडून मिलान, उत्तर इटलीतल्या एमिलियाचा सपाट प्रदेश, रोम, आणि मग सिसिली. एकच रेघ, उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर परवानगीचा एकेक धागा सुटत जातो.

या रेघेवरचे तीन प्रसंग सांगते. वर्णनं भरायची म्हणजे काय भरायचं, ते त्यावरून लक्षात येईल.

जर्मनीची सीमा. आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकणारा शेंगेन करार १९८५ सालचा, आणि ईराच्या डच मैत्रिणींना सीमा म्हणजे खिडकीबाहेरच्या पाट्यांची भाषा बदलणं एवढंच माहीत. पण सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. गाडीत पोलीस चढतात, डब्यातून चालत येतात आणि सगळ्यांना विचारतातच असं नाही. ईराचा पासपोर्ट भारतीय, शिवाय डच निवासपरवान्याचं कार्ड. दोन्ही जवळ हवीत. समजा ती मैत्रिणींच्या सवयीनं नुसतं कार्ड घेऊन निघाली आणि पासपोर्ट आईच्या कपाटात राहिला. शेजारच्या सोनेरी केसांच्या मुलाला पोलीस विचारत नाहीत, हिला विचारतात. या प्रसंगात आईनं आग्रह करून दिलेलं, आणि ईरानं लाजून बॅगेच्या तळाशी कोंबलेलं पालकांचं संमतीपत्र बाहेर येतं. अल्पवयीन मुलानं पालकांशिवाय देशाबाहेर जाताना असं पत्र सोबत ठेवावं, असा सल्ला डच सरकारच देतं, छापील नमुनाही देतं. ते पत्र पुरतं की नाही, हे तुम्ही ठरवा. पण वाचकाला या गाडीत तिच्या शेजारी बसवायला ऱ्हाईनच्या किल्ल्यांची वर्णनं लागत नाहीत.

दुसरा प्रसंग एमिलियातला. इटलीत रेल्वेचा संप वरचेवर होतो आणि तो आधी जाहीर झालेला असतो, पण पाटी इटालियनमध्ये असते. कामाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक तास लोकल गाड्या धावण्याची हमी असते, रविवारी ती नसते. ईरा रविवारी दुपारी रेज्जो एमिलिया स्टेशनवर अडकली आहे. आईच्या समजुतीप्रमाणे ती फ्लॉरेन्सला पोचून म्युझियमच्या रांगेत उभी आहे. फलाटावर एक पंजाबी बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याची वाट बघते. पो नदीच्या खोऱ्यात गोठ्यांवर काम करणारी पंजाबी कुटुंबं पुष्कळ आहेत, जगभर जाणाऱ्या तिथल्या चीजचं दूध बरंचसं त्यांच्या हातून येतं. रेज्जोजवळ नोवेल्लारा नावाच्या गावात २००० साली बांधलेला मोठा गुरुद्वारा आहे. बाई हिंदीत विचारते, एकटी आहेस? जेवलीस? चल, गाडी येतेय, लंगर आहे, संध्याकाळी सोडतो.

आता ईरानं अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं का? घरचा सगळ्यात पहिला नियम हाच. बाई आईसारखी बोलते, म्हणून विश्वास ठेवायचा? हिंदी बोलते, म्हणून ठेवायचा? आइंडहोव्हनला शाळेत ‘अनोळखी’ या शब्दाचा अर्थ असा शिकवलेला नाही. ती गाडीच्या नंबराचा फोटो काढते. कुणाला पाठवायचा? आईला पाठवला तर फ्लॉरेन्स उघडं पडतं. ती तेरा वर्षांच्या धाकट्या भावाला पाठवते, खाली लिहिते: ‘रात्री आठपर्यंत माझा मेसेज आला नाही तरच आईला दाखव.’ आणि त्या पोराच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं हे तिला भाताचा पहिला घास घेताना कळतं. मला तुमच्या कादंबरीचा मध्य इथे दिसतो. इथे धोका आहे, पण दुष्ट माणूस नाही. परदेशी मुलीला वाचवणारा देखणा मुलगाही नाही. या दोघांपैकी एक प्रत्येक खर्ड्यात असतो, तुमच्याही आहे (प्रागचा गिटारवाला), आणि दोघंही नायिकेच्या हातून निर्णय काढून घेतात.

तिसरा प्रसंग सिसिलीचा, आणि याच्यासाठी मी हा मार्ग सुचवला. रोमहून सिसिलीला जाणारी रेल्वेगाडी मेस्सिनाची सामुद्रधुनी बोटीवरून ओलांडते. प्रवासी उतरून बोटीत बसत नाहीत, गाडीच बोटीत जाते. व्हिला सान जोव्हान्नी या स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबते, मागेपुढे होते, धक्के बसतात, डबे सुटे करून एकामागे एक बोटीच्या पोटात, तिथल्या रुळांवर ढकलले जातात. खिडकीबाहेर एकदम हिरवट रंगाची लोखंडी भिंत येते, हातभर अंतरावर. दरवाजे उघडतात. अरुंद जिन्यानं वर डेकवर जाता येतं. वर बार असतो, तिथे लोक गरम आरांचीनी घेतात. भाताचे मूठभर आकाराचे तळलेले गोळे, आत रस्सा-मटार किंवा चीज. आमच्याकडच्या बटाटेवड्यासारखं हातात धरून, फुंकर घालत खायचं. समोर मेस्सिनाच्या बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर सोनेरी मेरीचा पुतळा दिसायला लागतो.

आणि आता महत्त्वाचं. पलीकडे गेल्यावर गाडीचे दोन भाग होतात. काही डबे पालेर्मोला जातात, काही कातानियामार्गे सिराकुसाला. बोटीच्या पोटात चार ओळींत सारखेच डबे उभे असतात, जिने सारखे दिसतात, आणि उतरताना आपला डबा कुठला हे बघून ठेवलं नसेल, तर माणूस पालेर्मोच्या डब्यात जाऊन बसू शकतो. बॅग एका शहराला, आपण दुसऱ्या. मैत्रीण कातानियाला वाट बघतेय की नाही हे माहीत नसताना ईरा पालेर्मोला पोचली, तर? असा अपघात कथेत घुसडलेला वाटत नाही, कारण तो गाडीच्या रचनेतूनच आलेला आहे. प्रवासकथेतले योगायोग वेळापत्रकातून, नियमांतून, रुळांतून आले की वाचक ते मान्य करतो.

स्वित्झर्लंडबद्दल दोनच वाक्यं. आल्प्सखालून ५७ किलोमीटरचा गोटहार्डचा नवा बोगदा २०१६ पासून आहे, त्यातून अंधारात वीस मिनिटांत पलीकडे जाता येतं; जुन्या डोंगरी मार्गावर गाडी वळसे घेत चढते आणि वासेन गावचं तेच छोटं चर्च तीनदा, तीन वेगळ्या उंचीवरून दिसतं. घाईत असलेली ईरा जुना मार्ग का निवडेल, याचं कारण तुमच्याकडे असेल तरच तो घ्या.

पैशांचं फार लांबवू नका. रोजचा हिशेब एकदा सविस्तर दाखवा, मग फक्त तो बिघडला की दाखवा. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात, फ्रान्स आणि स्पेनच्या जलद गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात ठोकून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. असे बिघाड पुरेसे आहेत.

तपशील कुठून आणायचे हा तुमचा प्रश्न त्यामुळे सोपा होतो. ११ शहरं अभ्यासायची नाहीत, सात-आठ जागा अभ्यासायच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा स्टेशनं आहेत. रेल्वे कंपन्यांची वेळापत्रकं उघडून ईराचा प्रत्येक दिवस खऱ्या गाड्यांनी लिहून काढा: सुटण्याची वेळ, बदलायचं स्टेशन, मधली मिनिटं. सात मिनिटांत फलाट बदलायचा असेल तर तिथे संवाद घालता येणार नाही, दोन तास असतील तर घालावाच लागेल. सिसिलीच्या बोटीचे प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ भरपूर सापडतात, आवाज चालू ठेवून बघा. आणि तिकडे वाढलेल्या एखाद्या मराठी मुलीशी बोला. तिला शहरांबद्दल विचारू नका. आईला पहिल्यांदा काय सांगितलं नाही, ते विचारा.

मराठी वाचक एकटी हिंडणारी मुलगी स्वीकारेल का, अशी शंका तुम्ही जाता जाता काढलीत. आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून, मिशनरी बायकांच्या सोबतीनं अमेरिकेला निघाल्या तेव्हा नुकत्याच अठराच्या झाल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी भरसभेत उभं राहून आपण का जातोय हे सांगितलं होतं. तेव्हाही लोकांना तेच विचारायचं होतं जे तुमच्या वाचकबाईंनी विचारलं. वाचकाला मुलीचं जाणं खटकत नाही, का जातेय हे न सांगता जाणं खटकतं.

शेवटाबद्दल. ईरा घरी परतलेली दाखवायलाच हवी असं नाही. मैत्रीण भेटली, नाही भेटली, दोन्ही चालेल. पण ज्यानं सही केली त्याला खोटं कळलं पाहिजे, आणि ते वाचकासमोर, संवादात कळलं पाहिजे. ‘मग तिनं आईला सगळं सांगितलं’ या वाक्यावर उरकू नका. ती सांगते की भाऊ सांगतो की आठ वाजून जातात, हे तुम्ही ठरवा. आई त्यावर काय म्हणते ते मला आत्ता सांगता येणार नाही, कारण तुमची आई मला अजून माहीत नाही. तुमच्या खर्ड्यात तिला एकच वाक्य आहे. म्हणून पुढचा खर्डा लिस्बनपासून सुरू करू नका. आधी संमतीपत्राच्या सहीचा प्रसंग लिहा, मग भावाला पाठवलेल्या फोटोचा, आणि ही दोन प्रकरणं पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलींना वाचायला द्या. आवडलं का असं विचारू नका. ईराच्या जागी तू असतीस तर फोटो कुणाला पाठवला असतास, एवढंच विचारा, आणि त्या जे सांगतील ते लिहून घ्या.